दोनशेपैकी दोनशेहून जास्त

आर्वी, हिंगणघाट, समुद्रपूरच्या अभ्यासिकांत सरकारी भरतीचा विषय निघाला की 2023 ची तलाठी भरती आठवतेच. राज्यभरात 4644 पदं, दहा लाखांवर अर्ज, खुल्या वर्गाला शुल्क 1000 रुपये आणि अर्ज एकाच जिल्ह्यासाठी. परीक्षा अनेक सत्रांत झाली. कुणाचा पेपर सोपा, कुणाचा अवघड. म्हणून गुणांचं सामान्यीकरण केलं, आणि 200 गुणांच्या परीक्षेत काहींना 200हून जास्त गुण पडले! ओरड झाली, ती होणारच होती. सामान्यीकरणाचं सूत्र आधीच नीट समजावून सांगायला हवं होतं. पण सूत्र तुमच्या हाती नाही; तुमच्या हाती आहेत ती कागदपत्रं. नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्राची मुदत 31 मार्चला संपते, तेव्हा त्यावरचं वर्ष तपासा. जातीचा, अधिवासाचा दाखला सेतू केंद्रातून जाहिरात येण्याआधीच काढून ठेवा.