आवड, अर्थ आणि घरचा हिशेब

(बारावी उत्तीर्ण विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



बारावीचा निकाल लागल्यापासून प्रवेशाचा अर्ज भरेपर्यंतचे जे काही आठवडे असतात, त्या काळात मध्यमवर्गीय घरांत जेवढी खलबते होतात, तेवढी घरच्या लग्नकार्यातही होत नसतील. मामा येतात, आत्याचा फोन येतो, शेजारचे निवृत्त काका मुद्दाम डोकावतात. ‘‘पुढे काय?’’ हा प्रश्न मुलाला विचारलेला असतो आणि उत्तर बहुधा वडील देतात. मुलगा तिथेच बसून ऐकत असतो.

आज संयोजकांनी मला ‘आवड की कमाई?’ हा विषय दिला आहे. मी कला शाखेचा पदवीधर. तीसएक वर्षे पत्रकारितेत घालवली. तेव्हा हा गृहस्थ आवडीच्या बाजूने बोलणार, अशी आपली अपेक्षा असणे साहजिक आहे. मला वकीलपत्र एका बाजूचे घ्यायचे नाही. पैशाचा विचार करणाऱ्या पालकाला हिणवण्याची जी एक फॅशन भाषणांतून आणि चित्रपटांतून आली आहे, ती मला मान्य नाही. आपल्या परंपरेने अर्थाला चार पुरुषार्थांत स्थान दिले आहे. ज्या घरात आजीच्या औषधाचा खर्च आणि भावंडाची फी एकाच पगारातून जाते, त्या घरातल्या वडिलांनी ‘यातून मिळकत किती?’ असे विचारले, तर ते त्यांचे कर्तव्यच आहे.

मात्र तेवढ्याच स्पष्टपणे दुसरी गोष्ट सांगतो. मला पत्रकारितेत राहता आले, याचे एक कारण असे की, माझ्या पत्नीची बँकेत नोकरी होती. माझा पगार उशिरा होई, तिचा महिन्याच्या ठरल्या तारखेला होई. आवडीच्या मागे गेलेल्या माणसांच्या मुलाखती आपण वाचतो, तेव्हा त्या आवडीचा खर्च कोणी उचलला, हा प्रश्न मुलाखत घेणारा क्वचितच विचारतो. कोणाची तरी पत्नी, कोणाचा तरी थोरला भाऊ, कोणाची गावाकडची जमीन त्या यशामागे उभी असते. तुम्ही मुलांनी असा एखादा यशस्वी माणूस डोळ्यांपुढे ठेवला असेल, तर त्याच्या घरचा जमाखर्चही विचारा.

भारतरत्न महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचे उदाहरण या संदर्भात मला फार मोलाचे वाटते. १८८० साली चिपळूणच्या परिसरात जन्मलेला हा माणूस प्रारंभी सरकारी शाळेत शिक्षक होता. पुढे त्यांनी वकिली पत्करली आणि मुंबईच्या उच्च न्यायालयात ती अनेक वर्षे केली. त्याच काळात ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाचे संपादन हाती घेतले. त्याला प्रस्तावना म्हणून धर्मशास्त्राच्या इतिहासाचा थोडक्यात आढावा लिहावा, एवढाच मूळ संकल्प होता. ती प्रस्तावना वाढत गेली. ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या इंग्रजी ग्रंथाचा पहिला खंड १९३० मध्ये आणि अखेरचा १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच खंड, सहा हजारांहून अधिक पृष्ठे! १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती.

आता यातली मेख पाहा. ‘व्यवहारमयूख’ हा नीलकंठ भट्टाचा ग्रंथ मुंबई इलाख्यात हिंदू कायद्याच्या दाव्यांत प्रमाण मानला जाई. वारसा, दत्तकविधान, वाटणी यांचे खटले चालत तेव्हा न्यायालयात या ग्रंथाचा आधार घेतला जाई. म्हणजे काण्यांचे संस्कृत त्यांच्या वकिलीच्या उपयोगी पडत होते आणि वकिलीतली तर्कशिस्त त्यांच्या संशोधनात उतरत होती. त्यांनी आवड आणि उपजीविका यांना एकमेकींच्या शेजारी नांदवले. हे योगायोगाने घडले नाही. शिक्षकाच्या पगारावर न थांबता आपल्या विद्वत्तेला कोणत्या व्यवसायात मोल आहे, हे त्यांनी शोधून काढले होते.

अर्थात प्रत्येकाला असे जमेल असे नाही. पं. वसंतराव देशपांडे अनेक वर्षे लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करीत होते. त्या खातेवहीचा आणि त्यांच्या गाण्याचा परस्परांशी काडीचाही संबंध नव्हता. १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आले आणि त्यांचा खाँसाहेब महाराष्ट्राने डोक्यावर घेतला. पण त्याआधी कार्यालयीन वेळ सांभाळून केलेला रियाज किती वर्षांचा होता, हे विसरून चालणार नाही. सर चंद्रशेखर वेंकट रामन १९०७ मध्ये सरकारी वित्त खात्यात रुजू झाले. कलकत्त्यात कचेरीच्या आधी आणि नंतर ते ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’च्या प्रयोगशाळेत जात. हा क्रम अनेक वर्षे चालला. १९१७ मध्ये कलकत्ता विद्यापीठाचे प्राध्यापकपद चालून आले तेव्हा कमी वेतन पत्करून त्यांनी ते स्वीकारले. नोबेल मिळाले ते १९३० मध्ये. नोकरी सोडण्याचे धाडस सगळे सांगतात. त्या धाडसाआधीची दहा वर्षे कोणी सांगत नाही.

या उदाहरणांवरून, मुलांनो, एक कसोटी तुमच्या हाती देतो. ‘मला मानसशास्त्र आवडते’, ‘मला चित्रपट करायचा आहे’ असे तुम्ही म्हणता. ठीक आहे. गेल्या वर्षभरात, परीक्षेत गुण नसताना आणि कोणी सांगितले नसताना, त्या विषयासाठी तुम्ही काय केले? त्यातला कंटाळवाणा भाग तुम्हाला ठाऊक आहे का? मानसशास्त्रात सांख्यिकी शिकावी लागते, इतिहासाला मोडी आणि फारसी लागते, पत्रकारितेत रात्री दोन वाजता दुसऱ्याच्या बातमीतली व्याकरणाची चूक काढावी लागते. हे करण्याची तयारी असेल तर ती आवड. गणित टाळायचे म्हणून कला शाखा, हे कारण मनात असेल तर निदान स्वतःशी तरी कबूल करा. कला शाखा ‘सोपी’ असते, हा गैरसमज आपल्या समाजात खोल रुजला आहे आणि त्या शाखेचे सर्वाधिक नुकसान त्यानेच केले आहे. ज्यांना दुसरीकडे कुठे प्रवेश मिळाला नाही त्यांची ती धर्मशाळा ठरली आणि मग तिथे परिश्रमांची अपेक्षाही कोणी ठेवीना.

आता पालकांकडे वळतो. ‘कशाला मागणी आहे’ याविषयी आपण जे ठामपणे सांगतो, ते बहुधा पाच-दहा वर्षांपूर्वीचे चित्र असते. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिली. त्या निर्णयामुळे महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांचे भाग्य पालटले, हे नाकारता येणार नाही. पुढे मात्र जागा एवढ्या वाढल्या की हजारोंनी रिकाम्या राहू लागल्या आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेला २०२० पासून काही वर्षे नव्या संस्थांना मान्यता देणे सर्वसाधारणपणे थांबवावे लागले. डी.एड.ची गोष्ट तर आपल्यापैकी कित्येकांच्या घरात घडलेली आहे. ‘दोन वर्षांत सरकारी नोकरी’ म्हणून प्रवेशासाठी रांगा लागल्या, गल्लोगल्ली विद्यालये निघाली, मग भरती वर्षानुवर्षे रखडली. २०२१-२२ मध्ये संगणक कंपन्यांनी महाविद्यालयांतून मुले अक्षरशः उचलून नेली. त्यानंतरच्याच वर्षी निवडपत्र हातात असलेली मुले रुजू होण्याच्या तारखेची वाट पाहत घरी बसली. आज कृत्रिम बुद्धिमत्ता प्राथमिक स्वरूपाची आज्ञावली स्वतःच लिहू लागली आहे. चार वर्षांनी काय होईल, हे मी सांगणार नाही आणि जो छातीठोकपणे सांगेल त्याचे तुम्हीही ऐकू नये.

मग हाती उरते काय? घरचा हिशेब. त्याबाबत मी थोडा वेळ घेणार आहे, कारण मुलांपासून तो दडवण्याची आपल्याकडे रीत आहे.

समजा, एका अभ्यासक्रमासाठी दर वर्षी अडीच लाख असे चार वर्षांत १० लाखांचे शैक्षणिक कर्ज घेतले. व्याज १० टक्के धरू. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर साधारण एक वर्ष हप्ता नसतो. व्याज मात्र चढतच असते. सरळव्याजाने मोजले तरी पाचव्या वर्षाअखेर साडेतीन लाख रुपये व्याज होते. म्हणजे फेड सुरू होते ती साडेतेरा लाखांपासून. दहा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याचा हप्ता सुमारे १७,८०० रुपये. पहिला पगार २५ हजार असेल आणि नोकरी परगावी असेल, तर त्या मुलाने खोलीभाडे कशातून द्यायचे? हे गणित बारावीच्या मुलाला कळते. त्याच्यापुढे कागदावर मांडा. ‘आम्ही पाहू, तू फक्त अभ्यास कर’ या वाक्यामागे प्रेम असते, पण त्यामुळे मुलगा ज्या निर्णयाचे ओझे दहा वर्षे वाहणार, त्या निर्णयात तो सहभागीच होत नाही. आणखी असे की, हे गणित केवळ कला शाखेला लावायचे नसते. सुमार दर्जाच्या महाविद्यालयातली महागडी ‘कमाईची’ पदवी ही पुष्कळदा सर्वांत मोठी जोखीम असते, आणि चांगल्या महाविद्यालयातले अर्थशास्त्र किंवा भाषा त्या मानाने स्वस्त आणि सुरक्षित ठरते.

भगिनींनी येथे अधिक लक्ष द्यावे. अनेक घरांत मुलासाठी कर्ज काढले जाते आणि मुलीला ‘जवळच्या महाविद्यालयात बी.ए. कर’ असे सांगितले जाते. वर त्याला ‘तिची आवड’ असे गोंडस नाव दिले जाते. माझ्या पाहण्यातली एक मुलगी भौतिकशास्त्रात वर्गात पहिली होती. धाकट्या भावाची फी पुढे येणार म्हणून तिला वाणिज्य शाखेत घातले. भाऊ पुढे दोन वेळा नापास झाला. तिच्याविषयी त्या घरात आजही कोणी बोलत नाही. जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना केंद्रीभूत प्रवेशातून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण व परीक्षा शुल्कातील सवलत ५० टक्क्यांवरून १०० टक्के केली. तेव्हा पैशाची सबब सांगण्यापूर्वी निदान हा निर्णय तरी वाचावा.

एक व्यवहाराची गोष्ट सांगून थांबतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आपल्या राज्यात स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीची रचना बदलली आहे. मुख्य विषयासोबत दुय्यम विषय घेता येतो. काण्यांना जे स्वतःच्या हिमतीवर जुळवावे लागले, त्याची थोडी सोय आता अभ्यासक्रमातच झाली आहे. मात्र कागदावरची यादी आणि वर्गात प्रत्यक्ष शिकवणारा अध्यापक यांत अंतर असते. अर्ज भरण्यापूर्वी महाविद्यालयात जा. कोणत्या विषयांची जोडी खरोखर उपलब्ध आहे, तो विषय शिकवायला पूर्णवेळ प्राध्यापक आहेत की तासिका तत्त्वावरचे, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते, आणि गेल्या वर्षी उत्तीर्ण झालेली मुले आज काय करीत आहेत, हे विचारा. नोकरी लागलेल्यांची छायाचित्रे प्रवेशद्वारावरच्या फलकावर असतात. न लागलेल्यांची संख्या कचेरीत विचारावी लागते. सोबत वडिलांनी जावे, पण प्रश्न मुलाने किंवा मुलीने विचारावेत.

प्रश्नोत्तरांसाठी संयोजकांनी अर्धा तास राखून ठेवला आहे. पहिली पंधरा मिनिटे केवळ विद्यार्थ्यांसाठी असावीत, अशी माझी विनंती आहे. पालकांनी तोवर कृपया ऐकावे.