गावातले वल्ली

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक-वितरण समारंभात केलेले भाषण)



पारितोषिक समारंभाला बोलावलेल्या पाहुण्याने पहिल्या आलेल्या मुलांचे कौतुक करावे, मागे राहिलेल्यांना धीर द्यावा आणि चहाला उशीर होऊ देऊ नये, अशी आपल्याकडे रीत आहे. कौतुकाचे काम अध्यक्ष महाशयांनी माझ्यापेक्षा चांगले केले आहे. तेव्हा मी आज अशा मंडळींविषयी बोलणार आहे, ज्यांचे नाव कोणत्याही बक्षिसाच्या यादीत सापडत नाही. त्यांची पंचाईत अशी की त्यांना नेमके कोणत्या विषयात बक्षीस द्यावे, हेच कोणाला कळत नाही.

आपल्यासारख्या प्रत्येक लहान गावात अशी चार-सहा माणसे असतातच. एखादे निवृत्त मास्तर असतात. बाजारातून जाताना दुकानांच्या पाट्यांवरच्या शुद्धलेखनाच्या चुका ते मोठ्याने वाचून दाखवतात आणि दुकानदार हसत हसत त्यांना चहा पाजतो. एखादा सायकलवाला असतो. त्याच्याकडे पंक्चर काढायला गेलात तर तो सायकल उलटी ठेवून पाऊण तास तुम्हाला चाक कसे फिरते ते समजावून सांगेल. पंक्चर मात्र दुसऱ्या दिवशी. एखादा शायर असतो. दिवसभर वखारीत लाकडे मोजतो आणि रात्री मुशायऱ्यात सर्वांत शेवटी उभा राहतो, कारण सुरुवातीला त्याचे नाव पुकारायला संयोजक घाबरतात. यांना आपण काय म्हणतो? नादिष्ट, चक्रम, नमुना. फारच प्रेमात आलो तर वल्ली.

हा ‘वल्ली’ शब्द मोठा मजेचा आहे. आपल्या घरात ‘वली’ हा शब्द सर्वांना ठाऊक आहे. अल्लाहचा प्यारा, पहुँचा हुआ माणूस. हाच अरबी शब्द मराठीत आला, ‘ल’ला ‘ल’ लागला, आणि ज्याचे वागणे चारचौघांसारखे नाही तो वल्ली झाला. पु. ल. देशपांडे यांनी अशाच माणसांवर ‘व्यक्ती आणि वल्ली’ हे पुस्तक लिहिले आणि १९६५ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्या माणसांना त्यांच्या गावाने कधी गंभीरपणे घेतले नसेल, तशा माणसांवरचे पुस्तक दिल्लीने गंभीरपणे घेतले, हे मला विशेष वाटते.

पण पुस्तकातले वल्ली दूरचे असतात. मी तुम्हाला आपल्याच महाराष्ट्रातल्या, नाशिक जिल्ह्यातल्या एका गावाची हकीकत सांगतो. मालेगाव. आज तेथे महानगरपालिका आहे आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या चार लाख सत्तर हजारांच्या वर गेली होती. तेव्हा लहान गाव कसे म्हणावे, असे कोणी विचारील. परंतु मोहल्ल्यात कोणाच्या घरी कोण पाहुणा आला हे ज्या ठिकाणी अर्ध्या तासात सगळ्यांना कळते, ते माझ्या हिशेबी कसब्याचेच गाव.

मोसम नदी या गावाच्या मधून वाहते. एका तीरावर बहुतांशी मुसलमान वस्ती, दुसऱ्या तीरावर बहुतांशी हिंदू. नारोशंकर राजेबहाद्दरांनी अठराव्या शतकात येथे भुईकोट किल्ला बांधला. त्या बांधकामाच्या निमित्ताने बाहेरगावचे कारागीर आले. पुढे १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तरेकडची विणकर कुटुंबे आपले माग घेऊन या बाजूला उतरली. हातमाग गेले, यंत्रमाग आले, आणि गावाला एक आवाज मिळाला. खटक-खटक, खटक-खटक. मालेगावच्या गल्लीत उभे राहून बोलायचे तर वरच्या पट्टीत बोलावे लागते. कारखान्यात बारा-बारा तासांची पाळी, आठवड्याला दिवसाची रात्र होते आणि रात्रीचा दिवस. जेवढे कापड उतरेल तेवढी मजुरी. घरात बायका कांड्या भरतात. कापसाचा तंतू कपड्यांवर, भुवयांवर, चहाच्या कपात.

शुक्रवारी मात्र माग बंद. आपल्याकडे रविवारी जी शांतता असते ती तेथे शुक्रवारी. जुम्याची नमाज झाली की मंडळी मोकळी होतात, आणि मग चहाची हॉटेले व सिनेमागृहे भरतात. सहा दिवस धोट्याकडे पाहणारा माणूस सातव्या दिवशी पडद्याकडे पाहतो. यात नवल ते काय?

बाहेरच्या जगाला मालेगाव माहीत होते ते वर्तमानपत्रातल्या मथळ्यांमुळे. २००१ ची दंगल, २००६ चे बॉम्बस्फोट, २००८ चा बॉम्बस्फोट. गावाचे नाव घेतले की ऐकणारा जरा सावरून बसत असे. अशा गावात त्याच वर्षांत काही माणसे लोकांना हसवायच्या खटपटीत होती, हे फार थोड्यांना ठाऊक होते.

त्यांपैकी पहिला नासिर शेख. त्याचे व्हिडिओ पार्लर होते. इतर लोक पार्लर चालवतात ते तिकिटाच्या पैशांसाठी. नासिरने पार्लर चालवता चालवता सिनेमा कसा बांधतात तेच शिकून घेतले. कोणत्याही संस्थेत प्रवेश नाही, प्रशिक्षण नाही. दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून त्याने चित्रफितीची जोडणी शिकली. मग त्याच्या डोक्यात आले की आपणच सिनेमा काढावा. कोणता? तर ‘शोले’! सबंध हिंदुस्थानने १९७५ पासून पाहिलेला, पाठ केलेला ‘शोले’. २००० साली ‘मालेगाव के शोले’ तयार झाला. खर्च सुमारे पन्नास हजार रुपये. तेवढ्यात मुंबईच्या निर्मात्याचा एक दिवसाचा चहा-नाश्ताही होणार नाही, असे कोणीही म्हणेल.

आता मुलांनो, नीट ऐका, कारण यात गणितही आहे आणि भौतिकशास्त्रही. डाकूंना घोडे पाहिजेत. घोडे भाड्याने आणायचे तर पैसे नाहीत. मग डाकू सायकलींवर आले. हसायला आले ना? तेच पाहिजे होते. जे परवडत नाही त्याचाच विनोद करायचा. कॅमेरा पात्रांबरोबर सरकत न्यायचा आहे, त्यासाठी रूळ आणि गाडी लागते. नासिरने कॅमेरावाल्याला सायकलवर बसवले आणि सायकल ढकलली. कॅमेरा उंच न्यायचा आहे, त्यासाठी क्रेन लागते. बैलगाडीचे जू खाली दाबले की दुसरे टोक वर जाते, हे शेतकऱ्याच्या पोराला कोणी शिकवावे लागत नाही. झाली क्रेन. शाळेच्या पुस्तकातली तरफ ती हीच. पुस्तकात तिची आकृती काढून आपण पाच गुण घेतो आणि विसरतो.

काम करणारे सगळे गावातलेच, बहुतेक बिनपैशाचे. लेखक फरोग जाफरी, पुढे अकरम खान यांच्यासारखे अभिनय आणि जोडणी दोन्ही सांभाळणारे. दिवसा पोटाचा धंदा, उरलेल्या वेळात सिनेमा. मुंबई येथून पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर. आग्रा रोडवरून रात्री ट्रकमध्ये बसले तर सकाळी पोहोचता येते. तरीही ते अंतर सर्वांना कापता येत नाही, हे लेखकाला ठाऊक होते आणि गावालाही ठाऊक होते.

एक गोष्ट मला खटकते ती सांगून टाकतो. या चित्रपटांत काम करायला गावातली एकही मुलगी पुढे येऊ शकत नसे. नायिका बाहेरगावाहून आणावी लागे. पडद्यावर यावेच असा माझा आग्रह नाही. परंतु पोशाख शिवणे, कथा लिहिणे, संगणकावर जोडणी करणे ही कामे तरी घरात बसून होण्यासारखी होती. ज्या गावात घराघरांतून बायका कांड्या भरून निम्मा धंदा उचलतात, तेथे छंद मात्र फक्त पुरुषांनी करायचा? या सभागृहात डाव्या बाजूला बसलेल्या मुली माझ्याकडे रोखून पाहत आहेत. त्या अर्थी मुद्दा पोहोचला.

नासिरचे पुढचे वेड म्हणजे ‘मालेगाव का सुपरमॅन’. त्याचे चित्रीकरण चालू असताना फैजा अहमद खान या दिग्दर्शिकेने त्या खटपटीवरच एक माहितीपट केला, ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’. तो २००८ चा. २०१२ साली तो चित्रपटगृहांतूनही दाखवला गेला. पुढे रीमा कागती यांनी या सर्व मंडळींवर ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ हा मोठा चित्रपट काढला. तो २०२४ साली टोरांटोच्या महोत्सवात आणि २०२५ साली आपल्याकडे प्रदर्शित झाला. परंतु तुम्ही आधी माहितीपट पाहा, असे माझे सांगणे आहे. त्यात खरी माणसे आहेत.

सुपरमॅन झाला होता शफीक शेख. मागावर काम करणारा, काडीसारखा तरुण. सुपरमॅन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जो धिप्पाड गडी येतो, त्याच्या एका बाहीत हा सबंध मावला असता. वरती निळा पोशाख, खाली लोंबणारी नाडी. असा हा मालेगावचा तारणहार. मध्येच त्याचे लग्न निघाले आणि चित्रीकरण अडले. एकदा कॅमेराच पाण्यात पडला. दुसरा कोणी असता तर हात जोडून घरी गेला असता. यांनी कॅमेरा दुरुस्त करून आणला आणि पुन्हा कामाला लागले. माहितीपटात शफीकच्या तोंडावर एक भाव आहे, तो मला फार आवडतो. आपण हास्यास्पद दिसतो आहोत हे त्याला पुरते ठाऊक आहे, आणि तरीही तो अगदी मनापासून उडतो आहे.

हा सुपरमॅन कोणाशी लढतो? दुसऱ्या ग्रहावरच्या राक्षसाशी नाही. मालेगावला तो कशाला येईल? त्याचा खलनायक तंबाखूचा सम्राट आहे. गावाला तंबाखूच्या नादी लावणारा, घाण आवडणारा. रात्रपाळीला झोप येऊ नये म्हणून तोंडात पुडी टाकायची, ही कारखान्यातली सवय लेखकाला शोधावी लागली नाही. ती आजूबाजूला होतीच. मागावरची, ट्रकवरची, हमालीची, जेथे म्हणून माणसाला झोपेशी भांडावे लागते तेथली ही सवय आहे. आपल्या गावातही आहे. या सभागृहातही आहे, आणि मी कोणाकडे बोट दाखवणार नाही.

शफीक शेख कर्करोगाने वारला. २०११ साली. पडद्यावर ज्याने तंबाखूशी लढाई केली, त्या तरुणाला त्याच जातीच्या दुखण्याने नेले. गावातल्या मित्रांनी त्याचे जे हसू जपून ठेवले आहे, ते तेवढे उरले.

पालकहो, ही हकीकत मी आपल्याला का सांगितली? आपली मुले सिनेमे काढायला लागावीत म्हणून नाही. घाबरू नका. या मंडळींपैकी फार थोड्यांचे संसार सिनेमावर चालले. छंदाने पोट भरत नाही हे आपले म्हणणे खरे आहे, आणि मुलाला एखादा हुन्नर, एखादी पदवी हातात असावी ही आपली काळजीही रास्त आहे. फक्त एवढे बघा. परीक्षेच्या आदल्या महिन्यात मुलाच्या दप्तरात जुन्या रेडिओचे सुटे भाग सापडले, किंवा मुलीच्या गणिताच्या वहीत मागच्या पानांवर गोष्ट लिहिलेली सापडली, तर ते भाग आणि ती वही भंगारवाल्याला देण्यापूर्वी एकदा विचारा, ‘हे काय आहे? मला समजावून सांग.’ पाच मिनिटे जातील. मूल जे उत्तर देईल त्यावरून त्याला कोणत्या शाखेला घालावे हे आपल्याला गुणपत्रिकेपेक्षा अधिक कळेल. समजले नाही तरी चालेल. मालेगावच्या लोकांना तरी नासिर काय करतो ते कुठे सगळे समजत होते? ते हसले, पण त्यांनी आपली सायकल दिली, बैलगाडी दिली, आणि वेळ आली तेव्हा अंगणात उभे राहून डाकूही झाले.

आता एक काम आहे, आणि ते विद्यार्थ्यांसाठी आहे. २००३ च्या कायद्याप्रमाणे कोणत्याही शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूचे पदार्थ विकता येत नाहीत. २०१२ साली तर महाराष्ट्र शासनाने गुटख्याच्या विक्रीवरच बंदी घातली. शंभर यार्ड म्हणजे सुमारे ९१ मीटर. आज येथे येताना मी शाळेच्या फाटकापासून पहिल्या टपरीपर्यंत पावले मोजली. ती चाळीसही भरली नाहीत. तेथे रंगीत पुड्यांच्या माळा लोंबत होत्या आणि त्यांच्या खाली चॉकलेटची बरणी होती.

लांब उडी मोजण्याची फीत आपल्या क्रीडाविभागात असेलच. नववीच्या मुला-मुलींनी येत्या रविवारी ती घ्यावी, शाळेच्या कुंपणापासून चारही बाजूंना ९१ मीटर मोजावेत आणि चुन्याने रेघ ओढावी. तिचा नकाशा कागदावर काढावा. पालकांनी त्यावर सह्या कराव्यात आणि मुख्याध्यापकांनी तो नगरपालिकेला व पोलीस ठाण्याला पाठवावा. टपरीवाल्याशी भांडण करू नका. तो आपल्यातलाच आहे, त्याचीही मुले याच शाळेत शिकत असतील. त्याला वह्या, पेन्सिली, बिस्किटे ठेवायला सांगा आणि आपण ती त्याच्याकडूनच घ्या. लोक विचारतील, ही कसली वेडी पोरे रस्त्यावर फीत घेऊन फिरताहेत. विचारू द्या. फितीचे दुसरे टोक धरायला मी येतो.