पोचा आलेली गोळी

पितळी तांब्याला वाटेंत पोचा आला तर गृहिणी हळहळते. पण त्या तांब्यांतून पाणी पिण्यास कांहीं अडचण पडत नाहीं. घड्याळाच्या आंतील एखाद्या चाकाला त्याच्या शतांशानें पोचा आला, तर मात्र सारें घड्याळ अडून बसतें. पोचा लहान कीं मोठा, हें ती वस्तु ज्या कामासाठीं घडविली त्या कामावरून ठरतें. एअरगनचा छर्रा दिसण्यांत क्षुद्र खरा, परंतु तो तांब्याच्या नव्हे, घड्याळाच्या चाकाच्या पंक्तींत बसणारा आहे.

महाराष्ट्रांत नेमबाजीच्या खेळानें चांगलें मूळ धरलें आहे. मुंबईच्या अंजली भागवत यांनीं २००० सालीं सिडनीच्या ऑलिंपिक सामन्यांत दहा मीटर एअर रायफलची अंतिम फेरी गाठली. २००४ सालीं अथेन्स येथें सुमा शिरूर यांनीं तीच मजल मारली. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ सालीं कैरो येथें याच प्रकारांत जगज्जेता ठरला. पुढें २०२४ सालीं राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यानें पॅरिस येथें पन्नास मीटर रायफलच्या स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें. त्याची बंदूक निराळ्या जातीची असली, तरी डोंगराळ तालुक्यांतील मूलही येथवर पोंचूं शकतें, ही गोष्ट त्या पदकानें सर्वांच्या दृष्टीस आणली.

आतां अशी कल्पना करावी कीं, वेल्ह्याच्या एका शेतकऱ्याच्या मुलीनें हा खेळ मनावर घेतला आहे. वेल्हें हें तोरण्याच्या पायथ्याचें गांव. तिचे छर्रे परदेशांतून विमानानें मुंबईस, तेथून पुण्यास आणि मग कात्रजचा बोगदा ओलांडून चेलाडीच्या फाट्यावरून वेल्ह्यास येतात. तीच डबी भोरास जावयाची असेल तर कापूरहोळाजवळ वळते. या प्रवासांत तें खोकें किती हातांनीं उचललें, किती वेळां आपटलें, त्याच्यावर कोणतें ओझें रचलें, याचा पत्ता कोणालाच नसतो. मुलगी डबी उघडते, नेम धरते, आणि काल नऊ-दहाच्या घरांत पडणारी गोळी आज आठांत जाते. घरचे म्हणतात, "हात थरथरला." मुलगीही तसेंच समजूं लागते. तिचा आत्मविश्वास एका न पाहिलेल्या पोच्यापायीं खर्ची पडतो, आणि खरें नुकसान डबीच्या किंमतीचें नसून या विश्वासाचें असतें.

हें कां घडतें तें समजण्यासाठीं छऱ्याची घडण पाहावयास हवी. स्पर्धेचा छर्रा ४.५ मिलिमीटर व्यासाचा, वजनानें सुमारें अर्ध्या ग्रॅमचा व आकारानें डमरूसारखा असतो. पुढचें डोकें सपाट, म्हणजे कागदाला स्वच्छ वाटोळें भोंक पडावें. मध्यें कंबर बारीक. आणि मागें परकरासारखा पोकळ, पातळ घेर. बंदुकींतील दाबलेली हवा सुटली कीं ती या पोकळींत शिरून घेर फुलविते. फुललेला घेर नळीच्या भिंतीला घट्ट बसतो, हवा बाजूनें निसटूं देत नाहीं व नळीच्या आंतील पीळदार खाचांना धरून गोळीला फिरकी देतो. नळीबाहेर पडल्यावर हाच घेर, बॅडमिंटनच्या फुलाचीं पिसें करतात तसें, मागें राहून गोळीचें तोंड पुढें ठेवतो. ज्या खेळाला एके काळीं पुण्याचेंच नांव मिळालें होतें, त्याचें फूल एका बाजूनें चेपलें तर कसें भरकटतें, हें घरोघरच्या मुलांना ठाऊक आहे.

घेर फुलावा म्हणून छर्रा मऊ हवा, आणि मऊ म्हणूनच तो वाटेंत चेपतो. गुण व दोष एकाच धातूच्या पोटीं आहेत. शिशाचें काठिण्य माणसाच्या नखाहूनही कमी. नखानें त्यावर सहज ओरखडा उठतो. पांचशें छऱ्यांच्या डबींत सुमारें २६५ ग्रॅम शिसें असतें. डबी आपटली म्हणजे एकाचें डोकें दुसऱ्याच्या घेरावर आदळतें. भरलेल्या डबीपेक्षां अर्धी रिकामी डबी अधिक घातक, कारण तींत दाण्यांना धांवावयास जागा मिळते. गिरणींत भाताला फाजील मार बसला कीं तांदळाची कणी होते, हें मावळांतील शेतकऱ्यास सांगावयास नको. छऱ्याची कणी होत नाहीं, पण त्याचा घेर लंबगोल होतो.

आतां अपेक्षित अचूकपणा पाहा. दहा मीटरांवरील लक्ष्याच्या मध्यभागीं दहा गुणांचा ठिपका असतो, तो केवळ अर्धा मिलिमीटर व्यासाचा. प्रत्येक पुढील वर्तुळ अडीच मिलिमीटरांनीं बाहेर. त्यांतही गुण दशांशांत मोजतात. सर्वोत्तम गोळीला १०.९ मिळतात. कारखानदार छऱ्यांच्या डोक्याचा व्यास मिलिमीटरच्या शतांशापर्यंत मोजून ४.४९ व ४.५० अशा वेगळाल्या डब्या विकतात. इतक्या काळजीनें निवडलेला माल एका आदळण्यानें त्याच्या कित्येक पटींनीं बिघडूं शकतो. २००८ सालीं बीजिंग येथें अंतिम फेरीची शेवटची गोळी उरली असतां अभिनव बिंद्रा व फिनलंडचा नेमबाज यांचे गुण समान होते. बिंद्रानें १०.८ मारले, प्रतिस्पर्ध्याचे ९.७ पडले, एकास सुवर्णपदक, दुसऱ्यास कांस्यपदक. जेथें एका गोळीवर एवढें अवलंबून, तेथें गोळी तपासणें हा लहरीपणा नव्हे.

मात्र प्रत्येक पोचा घातकच असतो असेंही नाहीं. घेराचा किंचितसा दबलेला भाग हवेच्या दाबानें व नळीच्या भिंतीनें पुष्कळदां सरळ होऊन जातो. घेराची मागची कडा दुमडली, फाटली किंवा फारच लंबगोल झाली, म्हणजे मात्र हवा एका बाजूनें निसटते, वेग बदलतो आणि गोळी नळीबाहेर पडतांनाच कलते. म्हणून दोष देण्यापूर्वीं परीक्षा हवी.

या मुलुखाला शिसें नवीन नाहीं. राजगड व तोरणा याच वेल्ह्याच्या डोंगरांत आहेत, आणि रायगडापूर्वीं शिवछत्रपतींची राजधानी राजगडावर होती. त्या काळच्या तोड्याच्या बंदुकींची गोळी वाटोळी व नळींत कांहींशी सैल असे. तिला थोडा पोचा आला तरी निभावून जाई, आणि अगदींच बिघडली तर शिसें वितळवून सांच्यांत पुन्हां ओततां येई. शिसें ३२७ अंश उष्णतेवर वितळतें. त्याला चुलीचा जाळही पुरतो. खरी काळजी असे ती दारूची. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत दारूखाना घरांपासून दूर असावा, दारूचीं मडकीं माच्यावर ठेवावीं, त्यांस सरदी लागूं देऊं नये, आणि दर आठ-पंधरा दिवसांनीं माल बाहेर काढून ऊन द्यावें, असें बजावलें आहे. आजच्या छऱ्याला दारू लागत नाहीं आणि त्याचा घेर घरच्या सांच्यांत पुन्हां घडवितां येत नाहीं. म्हणजे मडक्याकडे जें लक्ष तेव्हां लागे, तें आतां डबीकडे लागतें.

उपाय अवघड नाहींत. पार्सल मागवितांना डबीच्या आंत झांकणाखालीं स्पंजची चकती आहे कीं नाहीं हें विचारावें. नसल्यास ती घालून पाठविण्यास सांगावें. डबी हलविली असतां आवाज येतां कामा नये. डोंगरावरून अंडीं बाजारास नेणारी बाई टोपलींत पेंढा कां भरते, त्याचें कारण हेंच आहे. घरीं आल्यावर छर्रे ताटांत ओतूं नयेत. डबी मऊ फडक्यावर हलकेंच उलटी करावी. एकेक छर्रा उजेडांत धरून मागची कडा पाहावी. मग तो स्वच्छ कांचेवर घरंगळत सोडावा. डोकें व घेर यांच्या व्यासांत फरक असल्यामुळें चांगला छर्रा सुबक कमानींत वळतो. बिघडलेला अडखळत जातो. निवडलेले सामन्यासाठीं ठेवावे, उरलेले सरावास वापरावे.

वेल्ह्याचा पाऊस हा आणखी एक शत्रु. दमट हवेंत, विशेषतः लांकडी किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यांत, शिशावर पांढरी भुकटी धरते. जून ते सप्टेंबर डबी घट्ट झांकणाची व कोरडी ठेवावी. शिशाची धूळ विषारी आहे. छर्रे तोंडांत धरूं नयेत, हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय कांहीं खाऊं नये. आणि टाकाऊ छर्रे पांखरांवर झाडावयाचे, हा विचार मनांतही आणूं नये.

शेवटीं न्यायाची गोष्ट. निवडलेले दहा व नाकारलेले दहा छर्रे घ्यावे. बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवावी आणि दुसऱ्यानें, कोणता छर्रा भरला तें न सांगतां, एकेक भरून द्यावा. दोन्हींची भोंकें सारखीच विखुरलीं तर दोष छऱ्याचा नाहीं. श्वास, खांदा किंवा चाप ओढणारें बोट यांकडे वळावें. नाकारलेल्यांचींच फांकलीं, तर मुलीच्या हातावरचा आळ उतरला. वेल्ह्याच्या त्या मुलीला यांतून डबीहून मोलाची वस्तु मिळते. आपला दोष कोणता व वाटेंतल्या धक्क्याचा कोणता, हें तिला स्वतः मोजून पाहतां येतें. आणि असें मोजून पाहणारें मूल खोट्या बोलानें खचत नाहीं, तसेंच खऱ्या चुकीवर पांघरूणही घालीत नाहीं.