तृप्तीचा हिशेब

लॉस एंजेलिस शहरात कोरियाटाउन नावाची एक मोठी वस्ती आहे. 1965 साली अमेरिकेने परदेशीयांच्या प्रवेशाचा कायदा बदलला आणि त्यानंतरच्या वर्षांत कोरियातून आलेल्या कुटुंबांनी ती भरभराटीस आणली. दुकानांवरील पाट्या कोरियन लिपीत, आणि सायंकाळच्या सुमारास हवेत भाजत्या मांसाचा वास. या वस्तीतील अनेक भोजनगृहांचा नियम असा, की दाराशी माणशी एक ठराविक रक्कम कबूल करावयाची आणि मग हवे तितके खावयाचे. त्यांतल्या काहींनी कोरियन मांसाच्या जोडीला जपानी सुशीही मांडली आहे. दोन शेजारी देशांचे इतिहासातील संबंध फारसे गोड नाहीत. परंतु परदेशी ग्राहकाच्या पोटात त्यांचा सलोखा झाला आहे!

अशा घरात शिरलेल्या नवख्याला प्रथम नवल वाटते ते टेबलाच्या मधोमध बसविलेल्या शेगडीचे. वर धूर ओढून घेणारे नळकांडे असते. पातळ कापलेले मांस कच्चेच येते. सोयाचा रस, साखर, लसूण व तिळाचे तेल यांत मुरविलेले ते बुलगोगी. बरगडीचे ते काल्बी. डुकराच्या पोटाकडील, मांस आणि चरबी यांचे थर दिसणारे, ते साम्ग्योप्साल. येथे जेवणारा स्वतःच आचारी. एका हाती चिमटा, दुसऱ्या हाती कात्री. कात्रीने अन्न कापावयाचे हे मराठी डोळ्यांना विचित्र दिसेल. पण पुढची कृती मात्र ओळखीची वाटेल. सॅलडच्या हिरव्या पानावर मांसाचा तुकडा, लसणाची पाकळी आणि आंबवलेल्या सोयाबीनची तिखटसर चटणी ठेवून त्याची चक्क विड्यासारखी घडी करतात आणि ती एका घासात तोंडात घालतात. भोवती लहान लहान वाट्यांतून कोबीची किमची, मुळा, मोड आलेली कडधान्ये असा सरंजाम असतो. त्याला बानचान म्हणतात. आपल्या ताटाची जणू डावी बाजूच ती! या वाट्या रिकाम्या झाल्या की मोल न घेता पुन्हा भरून द्यावयाच्या, ही कोरियन खानावळीची नेहमीची रीत आहे.

सुशीची कुळकथा निराळी आहे. आज ती चैनीची वस्तू मानली जाते. तिचा जन्म मात्र काटकसरीतून झाला. मीठ लावलेले मासे शिजविलेल्या भातात दाबून ठेवीत. भात आंबे आणि त्या आंबटपणाने मासे टिकत. जपानातील बिवा सरोवराच्या काठी या जुन्या पद्धतीची सुशी अद्याप करतात. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, शिरका लावलेल्या भाताच्या मुटक्यावर माशाचा काप ठेवून तो तेथल्या तेथे ग्राहकाच्या हाती देण्याची पद्धत रूढ झाली. तिचे श्रेय बहुधा हानाया योहेई याला देतात. म्हणजे आजची उंची सुशी ही मूळची गाडीवरची, घाईतल्या माणसाची न्याहारी होय.

‘हवे तितके खा’ ही कल्पना जपानात आली ती 1958 साली. टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलाने उत्तर युरोपातील मांडून ठेवलेल्या भोजनाची पद्धत पाहून तसे भोजनगृह काढले आणि त्याला ‘वायकिंग’ हे नाव दिले. आजही जपानी भाषेत अशा जेवणाला ‘बाइकिंगु’ असेच म्हणतात. त्याच वर्षी ओसाकाजवळ शिराइशी योशिआकी या दुकानदाराने फिरत्या पट्ट्यावर सुशीच्या बशा ठेवल्या. ही युक्ती त्याला बिअरच्या कारखान्यातील बाटल्यांची रांग पाहून सुचली होती!

ठराविक दामात अमर्याद अन्न देणाऱ्या मालकाला हे परवडते कसे? उत्तर सोपे आहे. पैसे देताना माणसाची हाव जेवढी असते, तेवढे त्याचे पोट नसते. एक मल्लासारखा तरुण चौघांचे खातो. पण त्याच्या शेजारची आजी आणि नात मिळून एकाचेही खात नाहीत. मालक सरासरीवर जगतो. शिवाय सुशीतला भात पोट लवकर भरतो आणि तो मांसाहून पुष्कळच स्वस्त असतो. त्यातूनही जो जिद्दीने बसेल त्याच्यासाठी भिंतीवर सूचना असते: मुदत दीड-दोन तासांची, आणि पानात टाकलेल्या अन्नाचा आकार वेगळा. अमर्याद जेवणाला अखेर मर्यादा घालावी लागते ती अशी.

या सूचनेखालीच एखादे कोरियन कुटुंब बसलेले असते. वडीलधाऱ्याने चमचा उचलल्याखेरीज इतरांनी आरंभ करावयाचा नाही, हा शिष्टाचार तेथे अजून पाळला जातो. ऐंशीच्या घरातले आजोबा, त्यांचा मुलगा, मांस भाजणारा नातू आणि लहानगी नात. नातू थाळ्यांमागून थाळ्या मागवितो. दिलेले पैसे वसूल झाले पाहिजेत, हा त्याचा हिशेब. आजोबांचा हिशेब निराळा आहे. त्यांच्या लहानपणी कोरियात ‘बोरीगोगे’ हा शब्द घरोघर होता. त्याचा अर्थ जवाची खिंड. मागील हंगामाचा तांदूळ संपलेला आणि जव अद्याप पिकलेले नाहीत, असे ते वसंतातले उपासमारीचे दिवस. ते डोंगरातील खिंडीसारखे ओलांडावे लागत, आणि सर्वांनाच ते ओलांडता येत नसत. त्यात 1950 ते 1953 चे युद्ध. त्या युद्धानंतर कैद्यांचा प्रश्न सोडविण्यासाठी भारताने जे सैन्य धाडले, त्याचे नेतृत्व मेजर जनरल थोरात या मराठी सेनानीकडे होते. पुढेही तांदूळ वाचविण्यासाठी कोरियातील शाळांत मुलांचे डबे उघडून, भातात जव मिसळले आहेत की नाहीत, हे गुरुजी पाहत असत. ज्या भारतीयांनी 1965 साली लालबहादुर शास्त्रींच्या शब्दासाठी सोमवारची रात्र उपाशी काढली, त्यांना या डब्यांची कथा वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

मुदत संपत येते. शेगडीवर मांस उरले आहे, सुशीचे चार मुटके बशीत तसेच आहेत. नातवाचे पोट भरले आहे आणि तो चोरून सूचनेकडे पाहतो. आजोबा काही बोलत नाहीत. ते एक हिरवे पान उचलतात, तुकडा ठेवून घडी करतात आणि नातीच्या तोंडाशी धरतात. दुसरे पान नातवासाठी, तिसरे मुलासाठी. आपल्या हाताने करून दिलेला असा घास नाकारावयाचा नाही, हे त्या घरी लहानांनाही ठाऊक आहे. नातू हसतो आणि तोंड उघडतो. मग सुशीची बशी आजोबा स्वतःपुढे ओढतात आणि शेवटचे शीतही ठेवीत नाहीत.

आपल्याकडील पंगतीतही अन्न अमर्यादच असे. जिलबीचा आग्रह करकरून पैजा लागत. परंतु तेथे वाढणारा हात यजमानाचा असे आणि ‘पानात टाकू नये’ हे घरातली वडील मंडळी सांगत. कोरियाटाउनमध्ये तेच वाक्य दंडाच्या आकड्यासह भिंतीवर लावलेले असते. भिंतीवरील सूचना दंडाच्या भयाने पाळली जाते. आजोबांना ती वाचण्याची गरज पडली नाही. कारण त्यांनी जवाची खिंड पायी ओलांडली होती. नातवाला ती खिंड कधीही ओलांडावी लागू नये, म्हणूनच तर ते घरदार सोडून इतक्या दूर आले. त्याने तिचे नाव तेवढे विसरू नये, इतकीच त्यांची अपेक्षा असावी.