सूर्य मावळल्यावरची वीस मिनिटं

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. सूर्य मावळला की कॅमेरा बॅगेत टाकायचा का? माझं उत्तर आहे, नाही. पाणपक्ष्यांचे फोटो काढायचे असतील तर खरी गंमत त्यानंतरच सुरू होते.

उदाहरण भिगवणचं घेऊ. भीमा नदीवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्याचा हा भाग. हिवाळ्यात इथं उथळ पाण्यात शेकाटे, राखी बगळे, चमचे, चित्रबलाक उभे दिसतात. दुपारच्या उन्हात शेकाट्याचं पांढरं अंग फोटोत नुसतं पांढरं फटक येतं, पिसं दिसतच नाहीत. सूर्य क्षितिजाखाली गेला की सावल्या जातात, अख्खं आकाशच दिवा बनतं. पांढऱ्यातली पिसं दिसतात, गुलाबी पाय उठून दिसतात आणि पाणी आकाशाचा रंग घेतं. आपल्याकडे हा उजेड जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं टिकतो.

आता सेटिंगचं बोलू. पश्चिमेकडे पाठ केली तर पक्ष्यावर मऊ उजेड पडतो. तिकडे तोंड केलं तर काळी आकृती मिळते. काय हवंय ते आधी ठरवा. सुरुवातीला आयएसओ १६०० आणि शटर १/२५० पुरतं. पुढे ३२००, ६४०० पर्यंत जावं लागतं आणि शटर १/६० वर येतं. एवढ्यात चालणारा पक्षी हलतोच. म्हणून उभा बगळा निवडा. तो भक्ष्याची वाट बघत पुतळ्यासारखा थांबतो. चार-पाच फोटो सलग घ्या, एखादा तरी स्थिर निघतो. फाइल रॉ ठेवा, म्हणजे निळसर झाक नंतर हवी तेवढी कमी करता येते. होडीत तिकाटणं कामाचं नाही, होडीबरोबर तेही डुलतं. काठावर लेन्स वाळूच्या किंवा धान्याच्या पिशवीवर टेकवा आणि शक्य तितकं खाली बसा. पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर आलात की फोटो बदलतो.

आता थोडं माझ्या चुकीबद्दल. काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी चित्रबलाकांचा थवा उथळ पाण्यात विसावला होता. उजेड कमी होत होता, लेन्स अपुरी पडत होती. मी नावाड्याला म्हणालो, "दादा, अजून थोडं पुढं घ्या ना." ते म्हणाले, "साहेब, आता ती रात्रीला टेकलीत. उठवली तर अंधारात जायची कुठं?" मी हट्ट केला. होडी दहा-बारा हात पुढं सरकली आणि अख्खा थवा उठला. फोटो मिळाला, तोही हललेला. परतताना दादा एक शब्द बोलले नाहीत. त्या गप्प बसण्याचं मला अजून वाईट वाटतं.

दिवसा उडालेला पक्षी दुसरीकडे उतरतो, पुन्हा खायला लागतो. संध्याकाळचं तसं नसतं. त्याला अंधारात नवी सुरक्षित जागा शोधावी लागते. शिवाय हिवाळी पाहुण्यांना परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवायची असते. प्रत्येक उड्डाणात ती खर्च होते. आपल्या एका फोटोसाठी त्यांनी ती का घालवावी?

तेव्हापासून माझा नियम साधा आहे. सूर्यास्ताआधीच जागा धरायची, इंजिन बंद करायचं आणि मग पुढं सरकायचं नाही. पक्ष्यांनी खाणं थांबवून माना वर केल्या, तर आपण आधीच जास्त जवळ आलोय असं समजायचं. फ्लॅश तर नाहीच. पक्षी लहान दिसला तर दिसू दे. भोवतीचं पाणी आणि आकाश फोटोत येऊ दे.

आणि शेवटी, कॅमेरा खाली ठेवा. त्याच वेळी रातबगळे बाहेर पडतात, डोक्यावरून एखादी हाक देऊन जातात. ती ऐका. नावाडीदादा आता मला आपणहून चांगल्या जागा दाखवतात, ते याच नियमामुळे.

भेटू पुढच्या भागात. तुमच्या गावच्या तळ्यावर कोणते पक्षी येतात, जरूर कळवा.