श्राद्धापूर्वीचे एक कर्तव्य

(नंदुरबार जिल्ह्यातील कार्यकर्ते व त्यांच्या परिवारांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशे हे क्षेत्र दक्षिण काशी म्हणून सर्वांस परिचित आहे. दशक्रियेसाठी आलेली कुटुंबे येथे एकत्र स्नान करतात, पिंडाला काकस्पर्श होईपर्यंत एकत्र थांबतात. आणि परतीच्या वाटेवर, जीपमध्ये बसल्या बसल्या, सातबाऱ्याचा विषय निघतो. तेराव्याला कोणता भाऊ येणार नाही, हे पुष्कळदा त्याच वाटेवर ठरते. मृतात्म्याच्या सद्गतीसाठी इतके विधी निष्ठेने पाळणाऱ्या समाजात मृत्युपत्राचा शब्द उच्चारणे मात्र अभद्र समजले जाते.

वास्तविक, ज्यांच्या प्रतिमा घराघरांत लावल्या जातात, त्यांनी हा संकोच बाळगला नाही. १९६६ मध्ये देह ठेवणाऱ्या स्वातंत्र्यवीर सावरकरांनी मृत्युपत्रात अंत्यसंस्कार विद्युत्-दाहिनीत करावेत, दुकाने बंद ठेवू नयेत, येथपर्यंत लिहून ठेवले. शुद्धिकार्यासाठी पाच हजार रुपयेही नेमून दिले. श्रीगुरुजींनी २ एप्रिल १९७३ रोजी तीन पत्रे लिहून ठेवली. ५ जूनला त्यांचे देहावसान झाल्यावर ती उघडली गेली आणि सरसंघचालकपदाचे दायित्व बाळासाहेब देवरसांकडे आल्याचे सर्वांना कळले. संन्यस्त वृत्तीच्या पुरुषाने जे केले, ते चार एकरांच्या धन्याने का करू नये?

यावर ठरलेले उत्तर असते, 'बँकेत नॉमिनी लावलेला आहे.' सर्वांत मोठा गैरसमज तो हाच. ज्यांच्या 'कालनिर्णय'मध्ये महाराष्ट्र तिथी पाहतो, त्या जयंतराव साळगावकरांचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. त्यांनी २७ जून २०११ रोजी मृत्युपत्र केले होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी ते निवर्तले. मुदतठेवी आणि म्युच्युअल फंडांना नामनिर्देशनही होते. मग अधिकार कोणाचा, नामनिर्देशिताचा की मृत्युपत्राप्रमाणे येणाऱ्या वारसांचा? या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी एकच उत्तर दिले : नामनिर्देशनामुळे मालकी मिळत नाही. नॉमिनी पैसे स्वीकारतो, सांभाळतो. मालक ठरतो तो वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने. विम्याबाबत हाच निर्णय १९८३ मध्ये झालेला होता. दूरदृष्टीने मृत्युपत्र करून ठेवणाऱ्या गृहस्थाच्या पश्चातही हा प्रश्न दहा वर्षे चालला. मग कागदच न करणाऱ्यांच्या घरी काय होत असेल?

शहाद्याकडील एखादे घर डोळ्यांपुढे आणावे. ऊस, केळी, पपईची शेती. साखर कारखान्याचे भाग. एक मुलगा शेतीवर, दुसरा सुरतेस, मुलगी पुण्यास. वडील कागद न करता गेले, तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ प्रमाणे त्यांचा हिस्सा मुलगे, मुलगी, पत्नी आणि हयात असल्यास आई यांच्यात समान विभागला जातो. ती वृद्ध आई कोणाच्याच हिशेबात नसते. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्येच दिला. केंद्राने तो ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर दिला आणि त्या दिवशी पिता हयात असण्याची अट नाही, हे २०२० मध्ये स्पष्ट झाले. तरीही रक्षाबंधनाला साडी आणि नंतर हक्कसोडपत्रावर सही, ही रीत चालूच आहे. बहिणीने राजीखुशीने हक्क सोडला तर तो तिचा मोठेपणा; मात्र मजकूर वाचून न दाखविता घेतलेली सही हा कोणता संस्कार?

सातपुड्यातील वनवासी बांधवांचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे या जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. आणि १९५६ च्या त्याच अधिनियमाच्या कलम २ (२) नुसार, केंद्राच्या अधिसूचनेवाचून, तो त्यांना लागू नाही. शहाद्याच्या मुलीला मिळालेला हक्क धडगावच्या मुलीला त्या कायद्याने मिळालेला नाही. छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०२५ रोजी स्त्रीला समान वाटा दिला, तो समतेच्या तत्त्वावर. एकाच समाजाच्या लेकींमध्ये हे अंतर असावे, ही बोचणारी गोष्ट आहे. शिवाय वनवासींची जमीन बिगर-वनवासीकडे शासकीय पूर्वपरवानगीवाचून हस्तांतरित होऊ शकत नाही. गेलेल्या जमिनींसाठी अंबरसिंग सुरतवंतींनी याच शहाद्यात लढा दिला होता. म्हणून तेथे कोणताही कागद वकिलाला दाखविल्याशिवाय करू नये.

विश्वस्त व्यवस्थेविषयी थोडक्यात. घरात दिव्यांग अपत्य असेल तर नुसते मृत्युपत्र पुरत नाही. त्याच्या नावे पैसा ठेवला तरी तो सांभाळणार कोण? १८८२ च्या भारतीय न्यास अधिनियमाखाली खासगी न्यास करता येतो. धर्मशाळा, विद्यार्थी वसतिगृह अशा सार्वजनिक हेतूसाठी मात्र धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करावी लागते.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. साधा कागद चालतो. नोंदणी ऐच्छिक आहे, पण केलेली बरी. लिहिणाऱ्याने दोन साक्षीदारांसमक्ष सही करावी आणि त्या दोघांनी त्याच्यासमोर. लाभ मिळणाऱ्याला साक्षीदार न करणे शहाणपणाचे. वय झालेले असेल तर डॉक्टरांचा दाखलाही सोबत असावा. वडिलोपार्जित मिळकतीतील केवळ स्वतःचा हिस्साच देता येतो. मन बदलले तर नवे मृत्युपत्र करता येते. अंथरुणावरून तोंडी सांगितलेले, 'पाटल्या धाकटीला द्या', हे कुटुंबाने पाळले तर उत्तम. न्यायालयात ते मृत्युपत्र ठरत नाही. आणि लिफाफा कोणत्या कपाटात, कोणत्या खणात आहे, हे निदान पत्नीला व मृत्युपत्राची अंमलबजावणी ज्याच्याकडे सोपविली आहे त्याला सांगून ठेवावे.