पाकिटातला सराफ

(एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी हा विषय सुचविला तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी मराठी साहित्य घेऊन बी. ए. झालेला माणूस. सारी हयात वृत्तपत्रात गेली. पण अर्थविषयक पान माझ्याकडे येई ते फक्त शुद्धलेखन तपासण्यापुरते. तरीही आज आपल्यापुढे उभा आहे, याचे कारण एक घरगुती प्रसंग आहे.

माझ्या एका स्नेह्यांचा मुलगा पुण्यात संगणक अभियंता आहे. वडील निवृत्त शिक्षक, घर साधे व सरळमार्गी. या मुलाने २०२४ साली पगारातून साठविलेल्या एक लाख रुपयांचे क्रिप्टो-चलन घेतले. काही महिन्यांत त्याचे मोल तीन लाख झाले. मग त्याने भ्रमणध्वनीवरच्या त्याच वॉलेटमध्ये एक कळ दाबून त्या चलनाच्या बदल्यात दुसरे चलन घेतले. या व्यवहाराला 'स्वॅप' म्हणतात. रुपये बँकेत आले नाहीत, वॉलेटमधून काही बाहेर गेले नाही. पुढे त्या दुसऱ्या चलनाचा भाव कोसळला आणि मार्चअखेर तीन लाखांचे पन्नास हजार उरले. अर्धे पैसे गेले, धडा मिळाला, असे म्हणून मुलाने विषय मिटविला. मात्र विवरणपत्र भरताना सनदी लेखापालाने कागद पाहिले आणि सांगितले, 'बासष्ट हजार चारशे रुपये कर होतो.' रात्री नऊ वाजता वडील माझ्या दारात उभे. म्हणाले, 'अहो, नुकसान झाले त्यावर कर कसला?'

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात माझे काही महिने गेले. ते उत्तर आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम स्वॅप म्हणजे काय ते पाहू. ही कल्पना आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. पेशवाईत एकच एक रुपया नव्हता. पुण्याचा अंकुशी, चांदवडचा चांदवडी, शिवाय हाली शिक्का, सुरती, अर्काटी असे कितीतरी रुपये एकाच बाजारात फिरत. एका रुपयाने दुसरा घ्यायचा तर सराफाकडे जावे लागे. तो नाणे पारखून, बट्टा कापून दुसरे नाणे देई. नाण्यांची पारख करणारा तो पोतदार; आज हे आडनाव घराघरांत आहे, काम मात्र विस्मृतीत गेले. १८३५ साली कंपनी सरकारने एकसारखा रुपया पाडला आणि हळूहळू हा बट्ट्याचा व्यवहार ओसरला. आता जवळजवळ दोन शतकांनी तो परत आला आहे. फरक इतकाच की, सराफ पेठेत बसत नाही; तो आपल्या खिशातल्या यंत्रात बसला आहे, आणि पुष्कळदा तो माणूसही नसतो.

वॉलेट या शब्दाने फार गैरसमज होतो. पाकिटात नोटा असतात, तशी वॉलेटमध्ये नाणी नसतात. बिटकॉइन असो वा ईथर, ती केवळ जगभरच्या हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवलेल्या खातेवहीतील नोंद असते. त्या वहीला ब्लॉकचेन म्हणतात. बिटकॉइनची अशी वही जानेवारी २००९ पासून चालू आहे. वॉलेटमध्ये असते ती त्या नोंदीवर आपला अधिकार सिद्ध करणारी किल्ली. ही किल्ली बारा किंवा चोवीस साध्या इंग्रजी शब्दांच्या रूपाने लिहून ठेवता येते. हे शब्द ज्याच्या हाती, धन त्याचे. इथे शाखाव्यवस्थापक नाही, तक्रारखिडकी नाही, आणि 'सही जुळत नाही' म्हणून व्यवहार अडविणारा कारकूनही नाही. त्या कारकुनावर आपण आयुष्यभर चिडलो. इथे त्याची आठवण येते.

काही वॉलेटांत ही किल्ली ग्राहकाकडे नसतेच, ती विनिमय केंद्राकडे असते. तिथे स्वॅप केला की केंद्र आपल्या अंतर्गत वहीत एक आकडा कमी आणि दुसरा जास्त करते. काम सोपे, पण केंद्रच बुडाले तर? २०१४ साली टोकियोतील माउंट गॉक्स बुडाले, नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स कोसळले, आणि जुलै २०२४ मध्ये आपल्याकडच्या वझीरएक्स या केंद्राच्या वॉलेटमधून सुमारे तेवीस कोटी डॉलरचे धन चोरीस गेले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान व दक्षिण कोरिया यांनी संयुक्त निवेदनात त्या चोरीचा ठपका उत्तर कोरियावर ठेवला. त्या केंद्राच्या हजारो सामान्य ग्राहकांचे व्यवहार पुढे एक वर्षाहून अधिक काळ गोठलेले होते.

किल्ली आपल्याकडे असेल तर स्वॅप निराळ्या रीतीने होतो, आणि ही रीत मोठी कल्पक आहे हे मान्य करायला हवे. नोव्हेंबर २०१८ मध्ये इथेरियम या जाळ्यावर युनिस्वॅप नावाची व्यवस्था सुरू झाली. तिच्यात ग्राहक आणि विक्रेता समोरासमोर येतच नाहीत. मधे एक सामाईक कोठार असते, त्यात दोन चलनांचा साठा असतो आणि नियम एकच: दोन साठ्यांचा गुणाकार बदलता कामा नये. समजा, कोठारात पहिल्या चलनाची १०० आणि दुसऱ्याची १०,००० नाणी आहेत. गुणाकार दहा लाख. पडद्यावर भाव दिसतो, एकास शंभर. आपण एक नाणे टाकले तर ९९ नाणी मिळतात, ठीक आहे. पण हव्यासाने एकदम २५ नाणी टाकली तर? पहिला साठा १२५ झाला. गुणाकार राखायचा तर दुसरा ८,००० व्हायला हवा. म्हणजे हाती आली २,००० नाणी, एकास ऐंशीचाच दर! पडद्यावरच्या शंभराच्या हिशेबाने २,५०० मिळायला हवी होती. कोणी फसविले नाही, कोणी चोरले नाही. लहान कोठारात मोठा हात घातला इतकेच. या तुटीला 'स्लिपेज' म्हणतात. आमच्या पिढीला सातवीच्या गणितात व्यस्त प्रमाण होते. ते ज्याच्या डोक्यात पक्के आहे त्याला हे सांगावे लागणार नाही.

याच्या जोडीला बट्टा आहेच. युनिस्वॅपच्या मूळ रचनेत दर स्वॅपमागे ०.३ टक्के कोठारात साठा ठेवणाऱ्यांना जातात. मेटामास्क या प्रसिद्ध वॉलेटच्या स्वतःच्या स्वॅप-सोयीचे शुल्क ०.८७५ टक्के राहिले आहे. शिवाय वहीत नोंद करण्याचा खर्च, ज्याला 'गॅस' म्हणतात, तो इथेरियमवर ईथरमध्येच द्यावा लागतो. वॉलेटमध्ये लाखाची इतर टोकने आहेत पण ईथर शून्य, तर स्वॅप अडू शकतो. घर भरलेले आणि किल्ली आत राहिलेली, तशी अवस्था.

आता या कोठारांभोवती फिरणाऱ्या दरोडेखोरांविषयी. आपली मागणी वहीत पक्की होण्यापूर्वी काही क्षण उघड्यावर असते. स्वयंचलित प्रणाली ती वाचतात, आपल्या आधी स्वतः खरेदी करून भाव चढवितात, आपल्याला चढ्या भावाने घेऊ देतात आणि लगेच विकून मोकळ्या होतात. मार्च २०२५ मध्ये एकाने सुमारे दोन लाख वीस हजार डॉलर मोलाचे एक स्थिर-चलन दुसऱ्या स्थिर-चलनात बदलले. दोन्हींचा भाव एक डॉलरच! अशाच झडपेत त्याच्या हाती आले पाच हजारांच्या आसपास. म्हणून स्वॅप करताना 'इतक्या टक्क्यांहून अधिक तूट झाली तर व्यवहार रद्द' अशी मर्यादा घालण्याची सोय असते. ती एखाद्या टक्क्याच्या आत ठेवणारे वाचतात. घाईत ती सैल सोडणारे वाचत नाहीत.

दुसरा धोका परवानगीचा. स्वॅपपूर्वी 'या व्यवस्थेला माझी ही टोकने वापरण्याची मुभा आहे' अशी संमती द्यावी लागते, आणि ती पुष्कळदा अमर्याद असते. कोरा धनादेश सही करून देण्यासारखेच हे. संकेतस्थळ बनावट असेल तर वॉलेट पुढे कधीही रिकामे होऊ शकते. नामांकित चलनाचे नाव लावलेली बनावट टोकनेही असतात. नाव कोणालाही घेता येते. खरे ओळखायचे ते त्याच्या करार-पत्त्यावरून, आणि तो अधिकृत ठिकाणावरूनच घ्यायचा असतो.

तर आता स्नेह्यांच्या प्रश्नाकडे.

२०२२ च्या अर्थसंकल्पाने अशा चलनांना 'आभासी डिजिटल मालमत्ता' असे नाव दिले आणि १ एप्रिल २०२२ पासून त्यांच्या हस्तांतरणातून होणाऱ्या नफ्यावर सरसकट तीस टक्के कर बसविला. खोच आहे ती 'हस्तांतरण' या शब्दात. एक मालमत्ता देऊन दुसरी घेणे हेही हस्तांतरणच. पुण्यातला वाडा देऊन कोकणातील बाग घेतली तर वाडा विकलाच ना? तसेच हे. त्या मुलाने स्वॅप केला त्या क्षणी कायद्याच्या दृष्टीने पहिले चलन तीन लाखांना विकले गेले. खरेदी एक लाखाची, नफा दोन लाख. त्यावर तीस टक्के म्हणजे साठ हजार, आणि चार टक्के उपकर दोन हजार चारशे. पुढचे अडीच लाखांचे नुकसान दुसऱ्या चलनाचे; आणि एका आभासी मालमत्तेतील तोटा दुसरीच्या नफ्यातून, पगारातून, कशातूनच वजा करता येत नाही, पुढच्या वर्षी ओढता येत नाही. खरेदीची किंमत सोडून इतर खर्चाचीही वजावट नाही. हातात पन्नास हजार, देणे बासष्ट हजार. नुकसानीवर कर कसा, याचे उत्तर असे की, कर नुकसानीवर नाहीच; तो त्या आधीच्या, हातात कधी न आलेल्या नफ्यावर आहे.

१ जुलै २०२२ पासून एक टक्का उगमकरही आहे. चलनाच्या बदल्यात चलन दिले तर दोघेही विकणारे ठरतात, म्हणून तो दोन्ही बाजूंना लागतो. केंद्रामार्फत स्वॅप केला तर केंद्र तो कापून घेते व नंतर तो देय करातून वजा होतो. स्वतःच्या किल्लीच्या वॉलेटमधून केला तर कापणारा कोणी नाही, पण म्हणून कर टळत नाही. मार्च २०२३ पासून ही केंद्रे काळा पैसा प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आली असून ग्राहकाची ओळख व व्यवहार यांची नोंद ठेवणे त्यांना बंधनकारक आहे.

हा कायदा कठोर आहे का? माझ्या मते तोटा वजा न करू देणे कठोर आहे, आणि तसे म्हणायला मला संकोच वाटत नाही. शेअर बाजारात तोटा वजा करता येतो, इथे का नाही, हा प्रश्न रास्त आहे. पण कायदा आवडत नाही म्हणून तो माहीत नसणे हे कारण होऊ शकत नाही. आणखी एक. हा व्यवहार बेकायदा आहे असे सांगत फिरणारेही चुकतात. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले होते. ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले. क्रिप्टो हे आपले वैध चलन नाही. ते बाळगणे गुन्हाही नाही. डिसेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने सामान्य ग्राहकांसाठी प्रायोगिक स्वरूपात आणलेला ई-रुपया ही वेगळी गोष्ट आहे, तो रुपयाच आहे. घरातल्या मुलांशी बोलताना हे तिन्ही भेद आपल्याला ठाऊक असावेत, नाहीतर ती आपले म्हणणे पहिल्या वाक्यालाच मोडीत काढतात. माझ्या पुतण्याने माझे काढले आहे!

त्या मुलाने कर भरला. वडिलांनी मुदतठेव मोडू का विचारले, त्याने नको म्हटले आणि हप्त्याहप्त्याने मित्राचे उसने फेडले. आता त्याने दोनशे पानी वही घातली आहे. प्रत्येक स्वॅपची तारीख, दिलेले चलन, घेतलेले चलन, त्या दिवशीचा रुपयांतील भाव आणि लगेच पुढच्या रकान्यात कराची रक्कम. तेवढी रक्कम तो त्याच दिवशी बँकेत वेगळी ठेवतो. मागच्या महिन्यात मला ती वही दाखविली. मार्चनंतर तीत फक्त दोन नोंदी होत्या. मी विचारले, 'इतके कमी व्यवहार का?' म्हणाला, 'काका, पाचवा रकाना आधी भरतो. तो भरला की बहुतेक वेळा स्वॅप करावासाच वाटत नाही.'

अध्यक्षमहोदयांनी मला पंचेचाळीस मिनिटे दिली होती, ती संपली आहेत. मागच्या रांगेतील तरुण मंडळी मघापासून चुळबुळत आहेत, त्यांचे प्रश्न आता घेऊ.